शोधनिबंधांची मोजदाद आणि संशोधकाची योग्यता

रसायनशास्त्रातील एखाद्या संशोधकाची नेमणूक, बढती अथवा अनुदान यांचा प्रश्न निवड समितीपुढे येतो, तेव्हा त्याच्या अर्जात दोन आकडे हमखास आढळतात. एक, प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची संख्या; आणि दुसरा, इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्या निबंधांचा किती वेळा आधार दिला, म्हणजेच संदर्भोल्लेखांची संख्या. समितीचे सर्वच सदस्य त्या शाखेतील तज्ज्ञ नसल्याने या आकड्यांवर बरीच भिस्त ठेवली जाते.

संदर्भोल्लेखांची सूची ठेवण्याची कल्पना मूळची न्यायक्षेत्रातील होय. एखाद्या निवाड्याचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील वकील १८७३ पासून अशी सूची वापरीत. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली तीच रीत विज्ञानाला लागू करण्याची सूचना मांडली व पुढे १९६४ मध्ये फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने विज्ञानविषयक संदर्भसूची प्रसिद्ध केली. जुन्या निबंधावरून नवे संबंधित निबंध शोधता यावेत, हा तिचा मूळ उद्देश होता. माणसे तोलण्यासाठी तिचा वापर नंतर सुरू झाला.

मोठा आकडा म्हणजे थोर शोध, असे मात्र नव्हे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉरी व त्यांचे तीन सहकारी यांनी १९५१ साली प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. अल्कली द्रावणातील तांबे आणि त्यानंतर फोलिन यांच्या नावाचे रसायन नमुन्यात मिसळले की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी प्रथिने अधिक. जगभरच्या प्रयोगशाळांना ही सोपी रीत नित्य लागत असे. २०१४ पर्यंत या एका निबंधाचे तीन लाखांहून अधिक संदर्भोल्लेख झाले आणि सर्व विज्ञानशाखांत तो पहिला ठरला. निबंध काही थोर नव्हे, पण त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाची मनातून गंमत वाटते, असे खुद्द लॉरी यांनीच १९७७ साली प्रांजळपणे सांगितले!

याउलट ब्रिटनचे फ्रेडरिक सँगर. त्यांच्या निबंधांची संख्या आजच्या मानाने बेताचीच. इन्सुलिनच्या रचनेचा उलगडा करण्यात त्यांची दहाहून अधिक वर्षे गेली. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र त्यांना दोनदा, १९५८ व १९८० मध्ये, मिळाले. वर्षाला ठरावीक निबंध मागणाऱ्या समितीपुढे त्यांचा निभाव लागला असता काय, अशी शंका येते.

संख्या आणि उपयोग यांचा मेळ घालण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली 'एच' निर्देशांक सुचविला. चाळीस निबंधांपैकी बारा निबंधांचे प्रत्येकी किमान बारा उल्लेख झाले असतील, पण तेरा निबंधांचे प्रत्येकी तेरा झाले नसतील, तर निर्देशांक बारा. एखादाच गाजलेला निबंध त्यामुळे निर्देशांक फुगवू शकत नाही. तथापि हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कधी कमी होत नाही. साहजिकच तरुण संशोधक मागे पडतो. स्वतःच्याच निबंधांचे उल्लेख, चूक दाखविण्यासाठी केलेले उल्लेख, वीस लेखकांपैकी नेमके काम कोणाचे, हे काहीच त्यात उमटत नाही. ज्या शाखेत संशोधक थोडे, तेथे उल्लेखही थोडेच. म्हणून दोन शाखांतील उमेदवारांची आकड्यांवरून तुलना करणे गैर ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत, पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही सक्ती काढून टाकली. नेमणुका व बढत्यांच्या अर्जांत मात्र निबंधांची यादी पूर्वीप्रमाणेच जोडली जाते. त्यातील दोन-तीन निबंध प्रत्यक्ष वाचून पाहण्यास समितीला एखादी दुपार पुरते.