रंग कुठे लावायचा नाही

अमेरिकेतल्या ओशकोशचा विमानमेळा यंदाही गाजला आणि घरी बांधलेल्या विमानांचे फोटो आपल्याकडेही फोनाफोनांतून फिरले. फोटोत सगळं झळाळतं. अमोल यादव यांचं विमान २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं, तेव्हाही चर्चा झाली ती कांदिवलीच्या ज्या गच्चीवर ते बांधलं त्या गच्चीची; इंजिनाबद्दल फारसं कोणी विचारलं नाही. बांधणाऱ्याची खरी पारख मात्र पुढचं झाकण उघडल्यावर होते.

लायकमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. हौशी मंडळींच्या लाडक्या आरव्ही विमानांत ते सर्रास दिसतं. हे इंजिन थंड होतं वाऱ्यावर. त्यासाठी सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पात्यांची चळत असते. हौसेने रंगाचे तीन-चार हात दिले, की उष्णता आतच कोंडते. त्यामुळे थर पातळच हवा.

काही रंग तर खुणेचे असतात. सिलिंडरच्या बुडाशी नारिंगी पट्टा असेल तर आतून क्रोमचा मुलामा, निळा असेल तर नायट्राइड केलेलं पोलाद. क्रोमच्या सिलिंडरमध्ये पिस्टनला क्रोमच्याच रिंगा घालून चालत नाही. त्यामुळे शोभेसाठी हा पट्टा पुसणारा माणूस पुढच्या मेकॅनिकला खड्ड्यात घालतो.

आता मुख्य मुद्दा. सिलिंडर क्रँककेसवर जिथे टेकतो आणि त्याचे नट जिथे बसतात, तिथे रंगाचा ठिपकाही नको. टॉर्क पान्याने नट बरोबर आवळला, पण खाली रंग राहिला, तर उष्णतेने आणि थरथरीने तो थर दबतो. नट जागचा हलत नाही, पकड मात्र सैल पडते. मग तो नट ज्यावर बसतो त्या स्टडवर प्रत्येक फेऱ्यात ताण येतो आणि एक दिवस तो तुटतो. म्हणून रंगाच्या डब्याआधी मास्किंग टेप हातात घ्यायची, आणि जोडणीच्या वेळी त्या जागा पुन्हा पुसून कोरड्या धातूपर्यंत न्यायच्या.

अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलं असेल, तरच विमान हौशी बांधणीच्या वर्गात नोंदवता येतं. त्याची वार्षिक तपासणी करण्याचा दाखलाही बांधणाऱ्याला मिळू शकतो. ज्याने नट आवळले, त्यानेच ते तपासायचे. मला हे पटतं. आपल्याकडे मात्र यादवांना नोंदणीसाठी २०१७ आणि उड्डाणाच्या परवान्यासाठी २०१९ उजाडलं. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाने तपासणी हवी तितकी कडक ठेवावी, पण वाट आधीपासून स्पष्ट आखून द्यावी.