सर वर्गाबाहेर गेले की…

फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहायला मॉनिटर उभा करावा लागतो, अशा कारभाराची परीक्षा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवात घेतली. वर्गात नव्हे, दहा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांत. मुखवटे करायचे, साबण कोरायचा. एक प्रमुख नुसते हुकूम सोडी, दुसरा मुलांशी बोलून काम ठरवी, तिसरा कशातच लक्ष घालत नसे (तिथे कामाचा आनंदच!). हुकमाखाली काम भरपूर होई. पण प्रमुख खोलीबाहेर पडला की हात थंडावत. बोलून ठरवणाऱ्या गटात मात्र फारसा फरक पडत नसे. २०पैकी १९ मुलांना हुकूम सोडणाऱ्यापेक्षा हाच प्रमुख आवडला. उरलेला एक? लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा.