लाडके मांजर चावते तेव्हा

पाबळसारख्या गावात मांजर निव्वळ हौसेने पाळले जाते असे नाही. शिरूर तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. बाजरी, ज्वारी जे पिकेल ते वर्षभर पुरवायचे, आणि धान्य साठवले की उंदीर आलेच. म्हणून घरात मांजर हवे. पण एकदा आले की ते पोरांच्या पांघरुणात शिरते, त्याला नाव मिळते, आणि कामाचे मांजर लाडाचे होऊन बसते. तक्रार सुरू होते ती इथून.

तक्रार अशी की मांजर आपणहून मांडीवर येते, डोळे मिटून घुरघुरते, आपण पाठीवरून हात फिरवत राहतो आणि एकाएकी तेच मांजर मागे वळून मनगट धरते, मागच्या पायांनी ओरबाडते आणि पळून जाते. वर दूर बसून अंग चाटत राहते, जणू काही घडलेच नाही! आमच्या ओळखीच्या एका घरी आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर असे चार दात उमटले. आजीबाईंनी मांजराला बाहेरची बाधा झाली म्हणून मीठ-मोहरी उतरवली आणि मुलीच्या जखमेवर चुना लावला. मीठ-मोहरीने मांजराचे काही बिघडले नाही. चुन्याचे पुढे सांगतो.

मांजर एकाएकी चावते हा समज मुळात खरा नाही. ते आधी सांगते, आपण पाहत नाही. शेपटीचे टोक हलू लागते, मग शेपूट जमिनीवर आपटते. पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळून चपटे होतात, घुरघुर थांबते, बुबुळे मोठी होतात. आपले लक्ष गप्पांत किंवा टीव्हीत असते आणि हात चालूच राहतो. मांजरे एकमेकांना चाटतात ती बहुधा डोके-मानेकडे आणि थोडाच वेळ. माणसाचा हात मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत पुन्हा पुन्हा जातो. सुरुवातीला सुखाचा वाटणारा स्पर्श काही वेळाने टोचू लागतो आणि मांजर तो आपल्या परीने थांबवते. त्यात कृतघ्नपणा नाही की बाधाही नाही. पोट दाखवून लोळणारे मांजर 'पोट खाजवा' म्हणते असेही समजू नये. ते विश्वास दाखवते, पण पोटाला हात लागला की पंजे बाहेर येतात.

उपाय सोपा आहे. गाल, हनुवटी, कानामागची जागा एवढ्यावरच हात फिरवावा, तोही थोडा वेळ. मग हात बाजूला घ्यावा. मांजराने पुन्हा डोके घासले तर आणखी थोडे. शेपूट हलली की थांबावे. दात लागलेच तर हात हिसकावू नये, हिसक्याने जखम फाटते. हात स्थिर ठेवला की पकड सैल होते. मारू तर मुळीच नये. मार खाल्लेले मांजर इशारा देणेच सोडते आणि सरळ चावते. पिल्लू लहान असताना त्याला बोटांशी झटापट करायला लावणारी वडील मंडळी घरोघरी आहेत. ते थांबवून दोरीला चिंधी बांधून खेळवावे. आईपासून फार लवकर तोडलेली पिल्ले किती जोरात चावावे हे शिकतच नाहीत, म्हणून निदान दोन महिने त्यांना आईजवळ राहू द्यावे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली याच पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे हा त्यामागचा विचार. घरच्या पोरांना मांजराची शेपूट, कान आणि वेळ आठवडाभर वहीत टिपायला सांगा. (आम्ही पडलो कारकून, वहीशिवाय आमचे भागत नाही!) मांजर किती वेळाने आणि कुठे हात लावल्यावर बिथरते हे आपोआप कळते.

मात्र वर्षानुवर्षे शांत असलेले मांजर अचानक चावू लागले तर प्रश्न वेगळा. बोक्यांच्या मारामारीत झालेली जखम वरून बुजते आणि आत पू धरते. दात किडतात, म्हातारपणी सांधे धरतात. दुखऱ्या जागी हात लागला की कोणीही ओरडेल. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आपल्या डोकेदुखीची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीही देऊ नये, ती त्याच्यासाठी विष ठरते.

आता चुना. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम दिसते बारीक, पण खोल जाते आणि जंतू आत राहतात. हात सुजला, लाल झाला तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. त्याहून मोठे भय रेबीजचे. हा रोग बहुतेक कुत्र्यांकडून येतो, पण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही तो देऊ शकते. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत लस घेतली तर मात्र तो टाळता येतो. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे.

म्हणून चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट काही लावू नये, पट्टी आवळू नये. मग सरकारी दवाखान्यात जावे. पोटात चौदा सुया घेण्याची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता सुया दंडावर देतात, चार किंवा पाच वेळा. तारखा कार्डावर लिहून मिळतात, एकही चुकवू नये. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. धनुर्वाताची सुईही विचारून घ्यावी. मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्याची वाट पाहत पहिली सुई लांबवू नये.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी आईने दवाखान्यात नेले आणि सुया पूर्ण केल्या. मांजर दहा दिवस धडधाकट राहिले. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचता येते, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. म्हशीला, शेळीला दवाखान्यात नेतो त्याच दिवशी पिशवीत घालून मांजरालाही न्यावे. पिशवीचे तोंड तेवढे नीट बांधावे आणि हवेला जागा ठेवावी.