एका ताटामागचे दहा चूड

गंगापूर तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीच्या आधी गेले, तर खिचडीचा वास येतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. हा तांदूळ बाहेरून येतो. गंगापूरच्या शिवारात बाजरी, मका, कापूस, तूर दिसते. भाताचे खाचर सहसा दिसत नाही. म्हणजे जे धान्य मुले रोज ताटात पाहतात, त्याचे रोप बहुतेकांनी कधी पाहिलेले नसते.

म्हणून वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहावा : एका मुलाच्या ताटातील 100 ग्रॅम तांदूळ पिकवायला किती जमीन लागत असेल? उत्तरे फार वेगवेगळी येतील. खरे उत्तर काढण्यासाठी आपल्याला फक्त गुणाकार-भागाकार यायला हवा, आणि भाताच्या रोपाविषयी चार गोष्टी माहीत हव्यात.

चार आकडे

भाताची रोपे आधी दाट पेरून वाढवतात आणि मग उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. एका जागी दोन-तीन रोपे एकत्र लावतात, त्याला चूड म्हणतात. दोन ओळींत 20 सेंटिमीटर आणि दोन चुडांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे 33 चूड बसतात. पुढे प्रत्येक चुडाला बुडातून फुटवे येतात. त्यांपैकी समजा आठ फुटव्यांना लोंबी आली. प्रत्येक लोंबीत भरलेले दाणे सरासरी 80 निघाले. आणि तुसासकट हजार दाण्यांचे वजन 24 ग्रॅम भरले. आता गुणाकार करू :

33 × 8 × 80 × 0.024 = सुमारे 507 ग्रॅम.

म्हणजे एका चौरस मीटरमध्ये अर्धा किलो साळ, अर्थात हेक्टरी सुमारे 50 क्विंटल. हे चांगल्या शेताचे पीक झाले. साळ भरडून तूस आणि कोंडा काढला, की सुमारे दोन-तृतीयांश तांदूळ उरतो. तेव्हा 100 ग्रॅम तांदळासाठी 150 ग्रॅम साळ हवी, आणि ती साधारण दहा चुडांतून मिळते. दहा चुडांना लागणारी जागा आहे 0.3 चौरस मीटर. पूर्ण उघडलेले वर्तमानपत्र जमिनीवर पसरले, तर त्याहून थोडी कमीच! त्या जागेतून सुमारे सहा हजार दाणे ताटात येतात.

जागा एवढीशी, पण पाणी? एक किलो साळ पिकवण्यासाठी खाचराला पाऊस आणि सिंचन मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी पुरवावे लागते, असा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्या हिशेबाने एका ताटामागे साडेतीनशे लिटरांहून अधिक पाणी, म्हणजे दोनशे लिटरचे जवळजवळ दोन पिंप लागतात. पावसाच्या भरवशावरच्या आपल्या भागात भात का नाही आणि बाजरी का आहे, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

प्रत्येक आकड्याची वेळ

चुडांची संख्या, चुडातील लोंब्या, लोंबीतील भरलेले दाणे आणि दाण्याचे वजन, हे चार आकडे कोणी एकाच दिवशी ठरवत नाही. उत्पादनाची अशी फोड करून, त्यातील कोणता भाग रोपाच्या आयुष्यात केव्हा ठरतो, याचा पद्धतशीर शोध जपानमधील शास्त्रज्ञ सेइझो मात्सुशिमा यांनी घेतला. त्यांचे या विषयावरील पुस्तक 1966 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यांची रीत शिक्षकांना आवडेल अशी आहे : पिकाच्या वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर कधी सावली करायची, कधी नत्रखत द्यायचे, आणि कापणीनंतर कोणता आकडा बदलला ते मोजायचे.

समजा, आपले वाण 120 दिवसांचे आहे. त्यातील पहिले 60 दिवस पाने आणि फुटवे येण्याचे. लोंब्या किती येणार, हे मुख्यतः या काळात ठरते. नंतरच्या सुमारे 30 दिवसांत बुंध्याच्या आत लोंबी तयार होते. बाहेरून काही दिसत नाही, पण लोंबीला किती फुले लागणार हे तेव्हा आतल्या आत ठरत असते. पोटरीच्या अवस्थेत पाण्याचा ताण पडला, तर फार नुकसान होते ते यामुळेच. शेवटचे 30 दिवस लोंबी निसवल्यापासून दाणा पक्व होईपर्यंतचे. फुले सकाळी उमलतात. त्या वेळी तापमान 35 अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर परागण बिघडते आणि दाणे पोचट राहतात. गंमत म्हणजे 120 दिवसांचे वाण असो की 140 दिवसांचे, शेवटच्या दोन टप्प्यांना लागणारा काळ साधारण सारखाच असतो. फरक पडतो तो पहिल्या टप्प्यात.

चौथा आकडा, दाण्याचे वजन, सर्वांत स्थिर असतो. भाताचा दाणा तुसाच्या बंद डबीत वाढतो आणि ही डबी फूल उमलण्याआधीच पुऱ्या आकाराची झालेली असते. डबीपेक्षा मोठा दाणा होऊ शकत नाही. खत-पाणी कितीही दिले, तरी बारीक दाण्याचे वाण जाड दाण्याचे होत नाही ते म्हणूनच.

एक वाढवला की दुसरा घटतो

आता कोणीही विचारेल, की मग चारही आकडे वाढवले की झाले! चूड दाट लावावेत, फुटवे भरपूर यावेत, लोंब्या लांब असाव्यात. अडचण अशी, की हे चार आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. दाट लावणी केली, तर प्रत्येक चुडाचे फुटवे कमी होतात. लोंबीत फुले फार झाली, तर सगळी भरत नाहीत. दाण्यात साठणाऱ्या पिष्टाचा मोठा भाग लोंबी निसवल्यानंतर वरची दोन-तीन पाने तयार करतात. ताटे वाढली, पण स्वयंपाक तेवढाच राहिला, अशी ती स्थिती.

नत्रखताने पाने वाढतात, पण जुनी उंच वाणे जास्त नत्र मिळाले की आणखी उंच होत आणि वाऱ्या-पावसात लोळत. लोळलेल्या पिकाची पाने एकमेकांच्या सावलीत जातात आणि दाणे भरत नाहीत. यावर दोन बाजूंनी उपाय निघाले. मात्सुशिमा यांनी लागवडीच्या बाजूने उपाय सुचवला. निसवण्याच्या साधारण सहा आठवडे आधीपासून तीन आठवडे आधीपर्यंत नत्र हात राखून द्यावे. त्यामुळे खालची पेरी आखूड राहतात आणि वरची पाने आखूड व उभी राहतात. उभ्या पानांमधून ऊन खालच्या पानांपर्यंत झिरपते.

दुसरा उपाय वाणाच्या बाजूने झाला. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत 1962 मध्ये ‘पेटा’ हे इंडोनेशियातील उंच वाण आणि तैवानमधील ‘डी-जिओ-वू-जेन’ हे बुटके वाण यांचा संकर केला गेला. त्यातून 1966 मध्ये ‘आयआर 8’ हे वाण प्रसारित झाले. जुन्या उंच वाणांत जमिनीवरील एकूण वजनाच्या सुमारे तीन-दशांश भाग दाण्यांत जाई. आयआर 8 मध्ये तो निम्म्यावर गेला. रोपाने एकूण कमाई फारशी वाढवली नाही, वाटणी बदलली. बुटकेपणा आणणारे जनुक 2002 मध्ये ओळखले गेले. जिबरेलिन हे रोपाची उंची वाढवणारे संप्रेरक तयार होण्याच्या साखळीतील एक पायरी त्यात अधू झालेली असते.

हा विजय पाहून त्याच संस्थेने 1989 मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. कमी पण सगळे लोंबी देणारे फुटवे आणि 200 हून अधिक दाण्यांची लोंबी, असे रोप कागदावर आखले आणि संकरातून घडवले. पण पहिल्या पिढीतील या वाणांनी निराशा केली, कारण मोठ्या लोंब्यांतील दाणे नीट भरत नव्हते. एक आकडा ओढून वाढवला, की दुसरा कसा घटतो, याचे हे मोठे उदाहरण आहे. चुकलेला अंदाजही विज्ञानात उपयोगी पडतो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

गुणाकारात न मावणारे

आयआर 8 ने पोती भरली, पण त्याचा दाणा खडूसारखा पांढुरका होता, भरडताना तुटे आणि शिजवल्यावर लोकांना फारसा आवडत नसे. चार आकड्यांच्या गुणाकारात चवीला जागा नाही.

ही जागा महाराष्ट्रात एका शेतकऱ्याने भरली. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झालेले. 1983 मध्ये ‘पटेल 3’ या वाणाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या आणि अनेक वर्षे निवड करत बियाणे वाढवले. त्यातून बारीक दाण्याचा, खायला चांगला तांदूळ मिळाला आणि लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. श्रेय आणि मोबदला यांसाठी मात्र त्यांना फार वाट पाहावी लागली. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. होती ती रोज त्याच शेताकडे नव्याने पाहण्याची सवय.

चवीप्रमाणेच पोषणही या गुणाकारात येत नाही. पांढऱ्या तांदळात लोह फार कमी असते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘एएचबी 1200’ या बाजरीच्या संकरित वाणात 100 ग्रॅममागे सात मिलिग्रॅमहून अधिक लोह आहे. किती पिकले याबरोबर काय पिकले, हेही पीक सुधारणेत मोजावे लागते.

शाळेजवळच्या शेतात

भात नसला, तरी हा सगळा धडा बाजरीवर शिकवता येतो. कापणीच्या सुमारास मालकाच्या परवानगीने शेतात जावे. दोरीने एक मीटर बाजूचा चौरस आखून आतली झाडे आणि कणसे मोजावीत. असे तीन ठिकाणी करून सरासरी घ्यावी. पाच-सहा कणसे मागून आणून मळावीत आणि एका कणसामागे किती ग्रॅम दाणे निघाले ते पाहावे. मुलांनी शंभर-शंभरचे दहा ढीग करून हजार दाणे मोजावेत आणि किराणा दुकानातील वजनकाट्यावर त्यांचे वजन करावे. त्यावरून कणसातील दाण्यांची संख्या आणि हेक्टरी उत्पादन, दोन्ही काढता येते. शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष उत्पादनाशी हा आकडा पडताळून पाहावा. फरक आला, तर तो का आला, ही चर्चा सर्वांत मोलाची.

एखाद्या कणसाला दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपका आलेला दिसेल. त्या रोगाला आपल्याकडे गोसावी म्हणतात. झाड आहे, कणीस आहे, पण दाणे शून्य. गुणाकारात एक शून्य आला, की उत्तर शून्य होते, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा तिथे दाखवावे.

भरलेला दाणा आणि पोचट दाणा ओळखण्यासाठी मात्सुशिमा मिठाच्या पाण्याचा उपयोग करत. आपले शेतकरीही अरगट रोग टाळण्यासाठी बाजरीचे बियाणे 20 टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात, तरंगणारे काढून टाकतात आणि तळाशी बसलेले चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवतात. एक बादली, दोन किलो मीठ आणि दहा लिटर पाणी असले, की हा प्रयोग वर्गात होतो.

आणि दुसऱ्या दिवशी खिचडी वाढली जाईल, तेव्हा मुलांना शाळेच्या अंगणात खडूने 0.3 चौरस मीटरचा चौकोन आखायला सांगावे. आपल्या ताटातील तांदूळ एवढ्या जमिनीतून आला, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की ताटात उरलेल्या शितांकडे मुले वेगळ्या नजरेने पाहतील.