मोर रात्री कुठे बसतो?

अमेरिकेतले शिकारी रानटर्की कोणत्या झाडावर रात्र काढते, हे आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवतात. त्याच कुळातला आपला मोरही सूर्यास्तानंतर उंच झाडावर जातो, बहुधा रोज त्याच त्या झाडांवर. पूर्वी शिकाऱ्यांचे यामुळेच फावत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराची शिकार गुन्हा ठरली. आता ही विद्या मोजणीसाठी वापरावी.

मेळघाटात किंवा नरनाळ्याच्या पायथ्याशी तिन्हीसांजेला मोराची केका फार दूरवर ऐकू येते. का बरे? हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. दुपारी जमिनीलगतची हवा अधिक तापलेली असते. ध्वनी वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. निरभ्र संध्याकाळी जमीन लवकर निवते, वरची हवा तुलनेने उबदार राहते. ध्वनी खाली वळतो.

म्हणून आवाजावरून अंतर ठरवू नये. मोर वाटतो त्याहून लांब असतो! दिशा मात्र सहसा फसवत नाही, कारण हे वळणे वरखाली असते, आडवे नव्हे. दोन ठिकाणांहून होकायंत्राने दिशा घ्या, नकाशावर रेषा काढा. त्या छेदतात तिथल्या उंच झाडांखाली दिवसा जाऊन पाहा: विष्ठा आणि पिसे पडलेली असतील.