तद्विद्यसंभाषा : दुरून शिकताना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. समव्यवसायी वैद्याशी सलोख्याने केलेल्या संधाय संभाषेने ज्ञान वाढते व संशय फिटतो. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने हीच वाट गुरु-शिष्य पद्धतीने पुढे नेली.

मात्र शनिवार पेठेतील चालता दवाखाना बंद ठेवून गुरुगृही राहणे प्रत्येकास शक्य नसते. अशा वेळी इंटरनेटवरील साप्ताहिक चर्चा उपयोगी पडते. तिची मर्यादा त्रिविध परीक्षेतूनच कळते. प्रश्न दुरून विचारता येतात, दर्शन पडद्यापुरते घडते, स्पर्शन मुळीच होत नाही. म्हणून नाडी, उदर व शोथ यांची परीक्षा रुग्णाजवळील वैद्याने स्वतः करून ती नेमक्या शब्दांत मांडावी. मार्गदर्शक सल्ला देतो. चिकित्सेचे दायित्व उपचार करणाऱ्याचेच राहते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही हे लागू आहे. अशोकाच्या सालीत शोभेच्या उंच अशोकाची साल मिसळली जाते. वाळलेल्या सालीचे केवळ छायाचित्र पाहून निर्वाळा देऊ नये. नमुना द्रव्यगुणाच्या जाणकाराकडे अथवा प्रयोगशाळेत पाठवावा.

चर्चेत रुग्णाची संमती घ्यावी. नाव व चेहरा वगळावा. एका बैठकीस एकच रुग्ण घ्यावा आणि पुढील बैठकीत त्यास उपशय मिळाला की अनुपशय, हे प्रांजळपणे सांगावे. फलश्रुती न कळता संपलेली चर्चा ही केवळ गप्पा ठरते.