गुपिताचे राखणदार आणि समभागांची विक्री

आपल्या मालकीचे समभाग विकून त्यांचे पैसे करणे हा कोणाचाही गुन्हा नाही. भांडवलबाजार चालतो तोच मुळी या स्वातंत्र्यावर. परंतु विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच जर बंद असेल, आणि तो बंद ठेवणाऱ्यांत खुद्द विकणाऱ्याचीच कंपनी असेल, तर अशा व्यवहाराला निव्वळ व्यापार म्हणता येईल काय? अमेरिकेतील इंटेल या कंपनीचे तत्कालीन प्रमुख ब्रायन क्रझॅनिच यांनी २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात केलेल्या समभागविक्रीने हा प्रश्न जगापुढे उभा केला. त्या घटनेला बरीच वर्षे लोटली. परंतु तिने उघड केलेली कायद्यातील फट आणि त्या फटीमागची नैतिक अडचण या दोन्ही गोष्टी आजही विचार करण्याजोग्या आहेत.

मूळ प्रकरण तांत्रिक आहे. पण ते समजण्यास तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. संगणकाचे हृदय म्हणजे त्यातील प्रक्रियक. वेग वाढावा म्हणून आधुनिक प्रक्रियक हुकमाची वाट पाहत बसत नाही. पुढे कोणते काम येईल याचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला तर केलेले काम रद्द होते. एखाद्या कचेरीतील तत्पर कारकून साहेब कोणती फाइल मागतील हे ओळखून ती आधीच कपाटातून काढून मेजावर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. साहेबांनी ती मागितली नाही, तर कारकून काही बोलत नाही. पण फाइल मेजावरच राहते. आता बाहेरच्या एखाद्या चाणाक्ष माणसाने निरनिराळ्या कागदांची चौकशी करून कोणत्या कागदाला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले, तर मेजावर कोणती फाइल आहे हे त्याला ती न पाहताच कळेल. संशोधकांनी नेमके हेच सिद्ध केले. जी माहिती वाचण्याचा अधिकार नाही, तीही या वेळेच्या मोजमापातून हाती लागू शकते. या दोषांना ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ अशी नावे पडली. त्यांपैकी पहिला प्रामुख्याने इंटेलच्या प्रक्रियकांत होता आणि १९९५ पासूनचे त्या कंपनीचे जवळजवळ सर्व प्रक्रियक त्याच्या कक्षेत येतात, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या दोषातून एएमडी आणि एआरएम यांच्या रचनाही सुटल्या नव्हत्या.

गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या गटातील यान हॉर्न या संशोधकाचा शोध १ जून २०१७ रोजी इंटेल व इतर संबंधित कंपन्यांना कळविण्यात आला. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील विद्यापीठाच्या संशोधकांसह इतरांनीही स्वतंत्रपणे तोच माग काढला. असा दोष आढळला की तो लगेच जाहीर न करता दुरुस्ती तयार होईपर्यंत गुप्त ठेवायचा, हा या क्षेत्रातील संकेत आहे. आणि तो योग्यच आहे. कुलूप निकामी असल्याची दवंडी नवे कुलूप बसवण्याआधी पिटली, तर ती घरमालकाआधी चोराच्या उपयोगी पडते. त्यानुसार ९ जानेवारी २०१८ ही तारीख जाहीर घोषणेसाठी मुक्रर झाली होती. परंतु वृत्तपत्रीय जगताला सुगावा लागल्याने ३ जानेवारीलाच सर्व गोष्टी उघड कराव्या लागल्या. जून ते जानेवारी हे सात महिने दोषाची माहिती मोजक्या मंडळींपुरती राहिली. अमेरिकी सरकारच्या संगणकसुरक्षा यंत्रणेलाही बातमी जगजाहीर होण्यापूर्वी इंटेलने ती कळविली नव्हती, हे पुढे लोकप्रतिनिधींना पाठविलेल्या उत्तरांतून स्पष्ट झाले.

याच सात महिन्यांच्या उदरात ती विक्री घडली. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी क्रझॅनिच यांनी ८,८९,८७८ समभाग विकले. त्यांपैकी ६,४४,१३५ समभाग त्यांना वेतनाचा भाग म्हणून मिळालेल्या विकल्पांतून आले होते, तर उरलेले २,४५,७४३ त्यांच्या आधीच मालकीचे होते. विक्रीची एकूण रक्कम सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर, तर त्यांचा नफा सुमारे अडीच कोटी डॉलर होता. विक्रीनंतर त्यांच्याजवळ २,५०,००० समभाग उरले. कंपनीच्या प्रमुखाने निदान इतके समभाग बाळगले पाहिजेत, असा कंपनीचाच दंडक होता. म्हणजे जेवढे विकण्याची मुभा होती, तेवढे सगळे त्यांनी विकले.

या विक्रीचा सुरक्षादोषाशी काडीमात्र संबंध नाही, ती पूर्वनियोजित योजनेनुसार आपोआप झाली, असा खुलासा कंपनीने केला. तथापि ही ‘पूर्वनियोजित’ योजना स्वीकारली गेली होती ३० ऑक्टोबर २०१७ रोजी; म्हणजे विक्रीच्या अवघे तीस दिवस आधी आणि कंपनीला दोषाची खबर मिळाल्यानंतर पाच महिन्यांनी. जॅक रीड व जॉन केनेडी या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सेनेटरांनी रोखेबाजाराच्या नियामक आयोगाकडे आणि न्याय खात्याकडे चौकशीची मागणी केली. कंपनीविरुद्ध ग्राहकांचे व भागधारकांचे मिळून बत्तीस सामूहिक दावे फेब्रुवारी २०१८ पर्यंत दाखल झाले. पुढे जून २०१८ मध्ये क्रझॅनिच यांना पद सोडावे लागले, परंतु ते वेगळ्याच कारणासाठी. कंपनीतील एका कर्मचाऱ्याशी पूर्वी असलेले त्यांचे संबंध कंपनीच्या नियमात बसत नव्हते म्हणून. समभागविक्रीबद्दल सरकारने त्यांच्यावर खटला भरला नाही. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहेत आणि त्यांना दोषी ठरविण्याचा अधिकार वर्तमानपत्री लेखाला नाही. आपल्यापुढचा प्रश्न व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे.

त्यांच्या बाजूने मांडले जाणारे दोन युक्तिवाद प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत. पहिला असा की, त्यांचा फायदा झालाच कुठे? समभाग चव्वेचाळीस डॉलरच्या आसपास विकले गेले. ३ जानेवारीला भाव तीन टक्क्यांहून थोडा अधिक घसरला, तरी त्या दिवशी तो विक्रीच्या भावाच्या वरच बंद झाला आणि काही महिन्यांत त्याने पन्नाशी ओलांडली. थांबले असते तर त्यांना अधिकच मिळाले असते. हा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. प्रश्नपत्रिका आधी पाहिलेल्या परीक्षार्थीला कमी गुण पडले, म्हणून प्रश्नपत्रिका पाहणे क्षम्य ठरत नाही. माहितीचा उपयोग किती यशस्वी झाला यावरून नव्हे, तर ती जवळ असताना व्यवहार केला की नाही यावरून असे प्रश्न तोलावे लागतात. दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना वेतनाचा मोठा हिस्सा समभागांच्याच रूपाने मिळतो आणि कंपनीतली काही ना काही गुप्त माहिती त्यांच्याजवळ बारमाही असते. मग त्यांनी आपले समभाग कधी विकायचेच नाहीत काय?

याच अडचणीवर तोडगा म्हणून अमेरिकेने २००० साली एक नियम केला. त्यामागची परंपरा जुनी आहे. १९२९ च्या बाजारकोसळीनंतर १९३४ साली रोखेबाजाराचा कायदा झाला आणि नियामक आयोग स्थापन झाला. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘टेक्सास गल्फ सल्फर’ कंपनीला कॅनडातील टिमिन्सजवळ समृद्ध खनिजसाठ्याची चाहूल लागली. ती बातमी एप्रिल १९६४ मध्ये जाहीर होण्यापूर्वीच कंपनीतील काही मंडळींनी समभाग खरेदी केले. त्या खटल्यात १९६८ साली अपील न्यायालयाने सांगितलेले तत्त्व अगदी सुटसुटीत आहे : माहिती जाहीर करा, नाही तर व्यवहारापासून दूर राहा. २००० च्या नियमाने या तत्त्वाला एक पळवाट नव्हे, तर एक रास्त दार ठेवले. महत्त्वाची गुप्त माहिती जवळ नसताना अधिकाऱ्याने विक्रीची योजना लेखी करून ठेवावी. मग ती योजनेनुसार घडत असताना त्याला काही कळले, तरी दोष त्याच्यावर येणार नाही.

येथेच खरी मेख आहे. या नियमात संरक्षण आहे ते विक्रीच्या दिवसाला नव्हे. योजनेच्या दिवसाला आहे. म्हणून इंटेलच्या प्रकरणात २९ नोव्हेंबरला काय घडले याला दुय्यम महत्त्व आहे. ३० ऑक्टोबरला कंपनीच्या प्रमुखाला काय ठाऊक होते, हाच मुख्य प्रश्न ठरतो. आपल्या जवळजवळ सर्व मालात दोष आहे ही वार्ता कंपनीत शिरून पाच महिने झाल्यावरही ती सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचली नव्हती, असे मानणे सामान्य बुद्धीला जड जाते. आणि योजना व विक्री यांत किती अंतर हवे, याबद्दल तो नियम त्या वेळी मौन पाळत होता. आज योजना करावी आणि महिन्याभरात विकावे, हे त्यात बसत होते. स्टॅनफर्डचे डेव्हिड लार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली अशा योजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा योजना व विक्री यांतले अल्प अंतर हीच त्यांनी धोक्याची एक ठळक खूण म्हणून दाखविली.

संशयाने निर्दोषांचेही कसे नुकसान होते, याचे उदाहरण त्याच वर्षी घडले. पतमाहिती गोळा करणाऱ्या इक्विफॅक्स या कंपनीच्या संगणकांतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. चोरीचा सुगावा जुलै २०१७ च्या अखेरीस लागला, घोषणा झाली ७ सप्टेंबरला आणि मधल्या काळात, ऑगस्टच्या आरंभी, तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सुमारे १८ लाख डॉलरचे समभाग विकले. विकताना त्यांना चोरीची माहिती नव्हती, असे संचालक मंडळाच्या समितीने ठरविले. परंतु तोवर त्यांच्या नावाची व्हायची तेवढी नाचक्की झाली होती. त्याच कंपनीतील दुसऱ्या एका अधिकाऱ्याने मात्र कारस्थान ओळखून आपले समभाग विकले होते. त्याला २०१९ साली चार महिन्यांचा कारावास झाला. व्यवहार वरकरणी सारखेच. एकीकडे अज्ञान, दुसरीकडे लबाडी. बाहेरच्या माणसाने दोन्हींत फरक करायचा कसा? ‘कर नाही त्याला डर कशाला’ असे आपण म्हणतो खरे. परंतु नियमच ढिला असला, की कर नसलेल्यालाही डर बाळगावी लागते.

सुदैवाने अमेरिकेच्या आयोगाला ही गोष्ट पटली. डिसेंबर २०२२ मध्ये नियम सुधारला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. आता संचालक व वरिष्ठ अधिकाऱ्यांना योजनेनंतर निदान ९० दिवस थांबावे लागते आणि आपल्याजवळ महत्त्वाची गुप्त माहिती नाही, असे लिहून द्यावे लागते. साधा हिशेब करून पाहावा. ३० ऑक्टोबर २०१७ पासून नव्वद दिवस मोजले, तर २८ जानेवारी २०१८ ही तारीख येते. तोवर दोषाची बातमी जगभर झाली होती आणि विकणारा व घेणारा दोघेही एकाच उजेडात उभे राहिले असते. एवढ्या एका तरतुदीने क्रझॅनिच यांच्यावरील संशयाची धार निम्म्याहून अधिक बोथट झाली असती. योजनेच्या आडोशालाही मर्यादा आहे, हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. ऑनट्रॅक या आरोग्यक्षेत्रातील कंपनीच्या अध्यक्षाला, त्याने अशाच योजनांखाली समभाग विकले असूनही, ज्यूरीने दोषी ठरविले.

आपल्याकडे या बाबतीत स्थिती अगदीच निराशाजनक नाही. ‘सेबी’ने पहिले नियम १९९२ साली केले आणि २०१५ साली ते नव्याने लिहिले. त्यांत विक्रीयोजना व प्रत्यक्ष व्यवहार यांत सहा महिन्यांचे अंतर होते. २०२४ च्या दुरुस्तीने ते १२० दिवसांवर आणले, म्हणजे ते अद्याप अमेरिकेच्या किमान मर्यादेहून अधिक आहे. परंतु नियम असणे आणि तो टिकणे यांत फरक आहे, हे मुंबईने पाहिले आहे. १९९६ साली ब्रुक बाँड लिप्टनचे विलीनीकरण जाहीर होण्याच्या थोडे आधी हिंदुस्तान लीव्हरने तिचे आठ लाख समभाग युनिट ट्रस्टकडून घेतले. ‘सेबी’ने १९९८ मध्ये ठपका ठेवला, अपिलात तो निर्णय रद्द झाला. युनिट ट्रस्टमध्ये कोणाचा पैसा होता, हे या वाचकवर्गाला सांगण्याची गरज नाही. आज शिक्षकाची म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक आणि, २०१५ पासून, कर्मचाऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा काही अंशही समभागांत जातो. बाजाराशी आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय मध्यमवर्गाला उरलेली नाही.

यापुढे संगणकातील दोष वारंवार सापडणार आणि ते काही काळ गुप्त ठेवणेही भाग पडणार. ही गुप्तता समाजाच्या हितासाठी आहे. म्हणूनच तिच्यावर कोणाची खाजगी कमाई होता कामा नये. उपाय कठीण नाही. ज्या दिवशी कंपनीला अशा दोषाची खबर मिळेल, त्या दिवशी त्याची माहिती असलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी, सर्वोच्च अधिकाऱ्यांना तर ती आहे असेच गृहीत धरावे, आणि दोष जाहीर होईपर्यंत त्यांना समभागांचा व्यवहार आणि नवी योजना या दोन्हींची बंदी असावी. यात प्रामाणिक अधिकाऱ्याचे नुकसान एवढेच, की त्याला काही महिने थांबावे लागेल. ज्याच्या एका शब्दासाठी सारे जग सात महिने अंधारात थांबले, त्याने तेवढे थांबण्यात अन्याय तो कोणता?